मेलची यादी आपल्या हिशेबाने: मटचा इंडेक्स कसा लावावा

एप्रिलचा दुसरा आठवडा. खळ्यात पेट्या भरायचं काम जोरात, ट्रक पाचला सुटायचा, आणि काका माझ्या खुर्चीमागे उभे. "रे, त्या पुण्याच्या काकींचो मेल खय आसा? आदी तो दाखव." पडद्यावर पस्तीस ओळी होत्या. पस्तीसही एकसारख्या: आकडा, दोनचार खुणा, तारीख, नाव, कंसात कसलासा आकडा, मग विषय. त्यातल्या अकरा ओळींवर एकच तारीख, वेळ कुठेच नाही. नावांच्या रकान्यात पाचसहा जणांचे नुसते अर्धवट कापलेले मेल-पत्ते. काकींचा मेल सापडेपर्यंत काका ट्रकवाल्याला थांबवायला निघूनही गेले.

आमची देवगडजवळ हापूसची लहानशी कलमबाग आहे. गेली काही वर्षं पेट्या थेट गिऱ्हाइकांना पाठवतो, आणि मेलचं खातं माझ्याकडे. वापरतो मट. टर्मिनलमध्ये, म्हणजे नुसत्या अक्षरांच्या खिडकीत, चालणारा हा मेलचा प्रोग्राम मायकेल एल्किन्स यांनी १९९५ मध्ये लिहायला घेतला. 'सगळे मेल-प्रोग्राम रद्दी असतात, हा जरा कमी रद्दी आहे' अशा अर्थाचं त्याचं ब्रीदवाक्य आहे, आणि ते खोटं नाही. आमच्या घाटीत मोबाइलची एकच कांडी येते. ब्राउझरमध्ये मेलचं पान उघडेपर्यंत चहा होतो, मट मात्र फक्त अक्षरं ओढतो, म्हणून तरतो. पण तो घेतल्या घेतल्या जी यादी दाखवतो (मट तिला इंडेक्स म्हणतो) ती लिहिणाऱ्याच्या सोयीची होती, माझ्या नाही. त्या दिवशी ट्रक गेल्यावर बसलो आणि ती पार बदलली. कशी, ते सांगतो.

आधी वाचायची रीत ठरवू

मटच्या सगळ्या आज्ञा रोमन लिपीत लिहाव्या लागतात, आकडेही इंग्रजीच. पण मी हे सगळं एकदा फोनवरून पुतण्याला सांगितलं होतं, तसंच इथे सांगतो: अक्षरांची नावं उच्चारून. कॅपिटलला मी थोरला म्हणतो, स्मॉलला धाकटा. हा फरक अजिबात चुकवायचा नाही. थोरला एल म्हणजे नाव, धाकटा एल म्हणजे मेलमधल्या ओळींची संख्या. थोरला एम आणि धाकटा एम यांचंही तसंच. आमच्या फोनवरच्या पहिल्या तासातला अर्धा तास यातच गेला.

सेटिंगची फाइल म्हणजे तुमच्या होम डिरेक्टरीतली 'डॉट मटआरसी', किंवा 'डॉट मट' फोल्डरमधली 'मटआरसी'. निओमट वापरत असाल तर 'डॉट कॉन्फिग' मध्ये 'निओमट' नावाचा फोल्डर असतो, त्यात 'निओमटआरसी'. निओमट हे मटचंच पुढे वेगळं वाढवलेलं रूप. खालचं जवळपास सगळं दोन्हींत चालतं, जिथे वेगळं आहे तिथे सांगेन. हात लावण्याआधी फाइलची एक प्रत काढून ठेवा.

पण सुरुवात फाइलमध्ये करूच नका. मट चालू असताना अपूर्णविराम, म्हणजे कोलनचं बटण दाबा. तळाला लिहायची जागा उघडते. तिथे 'सेट', जागा, प्रश्नचिन्ह आणि त्याला चिकटून 'इंडेक्स_फॉरमॅट' लिहिलंत की सध्याची मांडणी समोर येते. तिथेच 'सेट इंडेक्स_फॉरमॅट=' लिहून एकेरी अवतरणचिन्हांत नवी मांडणी दिलीत की यादी तत्क्षणी बदलते. बिघडली तर 'रीसेट इंडेक्स_फॉरमॅट' लिहा, मूळची परत. मनासारखी झाली की मगच फाइलमध्ये उतरवा. उतरवताना सगळी मांडणी एकेरी अवतरणचिन्हांत ठेवा, कारण दुहेरी चिन्हांत डॉलर आणि उलटं टिंब, म्हणजे बॅकटिक, यांना मट वेगळा अर्थ लावतो आणि मग चूक कुठे झाली ते शोधत बसावं लागतं.

मूळची ओळ सोलून पाहू

मट जी मांडणी घेऊन येतो ती अशी: टक्का-४-थोरला सी, जागा, टक्का-थोरला झेड, जागा, टक्का आणि महिरपी कंसात महिना-दिवस, जागा, टक्का-वजा-१५-टिंब-१५-थोरला एल, जागा, मग साध्या कंसात ओळींची संख्या नाहीतर आकार, जागा, आणि शेवटी टक्का-धाकटा एस.

टक्क्यापुढचं प्रत्येक अक्षर म्हणजे एक रकाना, बाकी जे लिहाल ते जसंच्या तसं छापलं जातं. थोरला सी म्हणजे यादीतला अनुक्रमांक. मला वाटलं होतं हा पहिल्यांदा उडवावा. पण आकडा टाइप करून एंटर मारलं की थेट त्या मेलवर उडी मारता येते, म्हणून ठेवला. फक्त चारऐवजी तीन घरं दिली (एक घर म्हणजे एका अक्षराची जागा), कारण ऐन हंगामातही आमच्या इनबॉक्समध्ये हजार मेल साठत नाहीत.

थोरला झेड हा सगळ्यात कामाचा, आणि बहुतेक जण त्याच्याकडे बघतही नाहीत. तो तीन घरांचा असतो. पहिल्या घरात मेलची स्थिती: एन म्हणजे नवा, ओ म्हणजे आला पण तुम्ही न उघडता बाहेर पडलात, धाकटा आर म्हणजे उत्तर दिलेला. दुसऱ्या घरात खोडायला काढलेला असेल तर डी, सही केलेला वा कुलूपबंद असेल तर त्याची खूण. तिसरं घर सांगतं मेल कुणाला होता. अधिकचिन्ह म्हणजे फक्त तुम्हाला. टी म्हणजे तुम्हाला आणि आणखी कुणाला. सी म्हणजे तुम्हाला फक्त प्रत (सीसी) आलेला. एफ म्हणजे तुमचाच पाठवलेला. एल म्हणजे एखाद्या गटाच्या पत्त्यावर आलेला. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा: मेलला उद्गारचिन्हाची खूण केलीत, किंवा तारा लावून निवडलात, की तिसऱ्या घरात ती खूण येते आणि अधिकचिन्ह दिसेनासं होतं. मी दोन दिवस समजत होतो की मटला माझा पत्ता ओळखता येईना.

खरंच ओळखता येत नसेल तर कारण निराळं. आमच्याकडे मेल तीन पत्त्यांवर येतात, एक माझा, एक ऑर्डरचा, एक काकांचा जुना. मटला एकच माहीत होता. 'ऑल्टरनेट्स' लिहून पुढे जागा सोडून बाकीचे पत्ते दिले की तिन्हींवरचे मेल 'तुमचे' म्हणून मोजले जातात. हे न करता रंग लावायला जाल तर पुढचं सगळं चुकेल.

कंसातला तो आकडा मी पहिल्या झटक्यात काढला. ओळींची संख्या आयमॅपवरून, म्हणजे सर्व्हरवर राहून, येणाऱ्या मेलसाठी बहुधा नीट मिळतच नाही, आणि मिळाली तरी मेल किती ओळींचा आहे ते कळून मला काय करायचंय? त्या जागी आकार ठेवला, टक्का-५-धाकटा सी. एका कांडीच्या नेटवर्कवर हा रकाना सोन्यासारखा आहे. कुणीतरी डागाळलेल्या फळांचे आठ फोटो जोडून तक्रार पाठवली असेल तर आधीच '१४एम' दिसतं. मग तो मेल उघडायला मी मागच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, चढतो, तिथे दोन कांड्या असतात.

जोडलेल्या फाइलींची संख्याही दाखवता येते, टक्का-थोरला एक्स. त्याच्यासाठी 'अटॅचमेंट्स' ही आज्ञा देऊन कोणत्या प्रकारच्या फाइली मोजायच्या ते सांगावं लागतं. मी लावला आणि काढला. मोजायचं म्हणजे मेलच्या आत शिरून भाग पाहावे लागतात, आणि आमच्या नेटवर यादी खाली सरकता सरकेना. ब्रॉडबँडवाल्यांनी खुशाल लावावा.

रुंदी, आणि मराठी अक्षरांचा नाच

टक्का आणि अक्षर यांच्यामध्ये जे येतं ते रुंदीचं गणित. नुसता आकडा म्हणजे कमीत कमी एवढी घरं, मजकूर उजवीकडे टेकवून. आधी वजाचिन्ह म्हणजे डावीकडे टेकवून. टिंबानंतरचा आकडा म्हणजे जास्तीत जास्त एवढी घरं, पुढचं कापायचं. म्हणून वजा-१६-टिंब-१६ म्हणजे बरोब्बर सोळा: लहान नावापुढे मोकळी जागा, मोठं नाव कापलं जाईल. टिंबाचा भाग विसरलात तर एखादा लांबलचक पत्ता आला की पुढचे सगळे रकाने रेटले जातात.

आता आपल्या लोकांची खरी अडचण. विषय मराठीत असला की रकाने हलतात. टर्मिनल अक्षरांना चौकोनी घरांत बसवतं, आणि 'क्षि' किंवा 'र्णै' ला किती घरं लागतात याबद्दल मटचा हिशेब आणि टर्मिनलचा हिशेब जुळेलच असं नाही. एका अक्षराला एका घराचा फरक पडला तरी ओळीच्या शेवटापर्यंत तो साचत जातो. मी सुरुवातीला आकार उजव्या टोकाला ठेवला होता. टक्का, तारा, एक जागा असं लिहिलं की त्यापुढचं सगळं उजव्या कडेला जातं, आणि जागा कमी पडली तर डावीकडचा विषय कापला जातो. ताऱ्याऐवजी मोठं-चिन्ह वापरलं तर उलट, उजवीकडचा मजकूर जागा उरली तरच दिसतो. दिसायला छान होतं. पण मराठी विषयाचे मेल आले की तो आकारांचा रकाना भरतीच्या वेळी खुंटाला बांधलेल्या होडीसारखा आतबाहेर डुलायचा. शेवटी नियम करून टाकला: मराठी येऊ शकेल असा रकाना सगळ्यांत शेवटी, त्याच्या उजवीकडे काहीही नाही. विषय डुलला तर डुलू दे, त्याच्यापुढे कुणी उभंच नाही.

नावांचं काय? तीही मराठीत येतात. त्याला मटमध्ये एक फार गोड सोय आहे, आणि ती मला वर्षभर माहीत नव्हती. 'एलियस' म्हणून पत्त्यांचं टोपणनाव लिहून ठेवता येतं: 'एलियस', जागा, छोटं नाव, जागा, पूर्ण नाव, आणि कोनी कंसात पत्ता. हे सगळे लिहितात, पत्ता पटकन टाइप व्हावा म्हणून. पण 'सेट रिव्हर्स_एलियस' ही एवढीशी ओळ घातली की मट उलटही बघतो. मेल कुठून आला ते तपासून, पाठवणाऱ्याने स्वतःचं नाव काहीही लिहिलेलं असो, यादीत तुम्ही लिहिलेलं नाव दाखवतो. आता माझ्या यादीत 'पुणे काकी कोथरूड' असं येतं, 'बर्फवाला', 'खोकेवाला', 'वाशी गाळा', 'बँक' असं येतं. रोमनमध्ये लिहिल्यामुळे रकाना डुलत नाही. मेल-पत्त्यात जन्मसाल आणि आडनाव जोडलेलं असलं तरी मला घेणं नाही. काकांनाही आता कुणाचं काय ते विचारावं लागत नाही, कारण ही नावं त्यांच्याच तोंडची आहेत.

नावाच्या रकान्यासाठी मी थोरला एलऐवजी थोरला एफ घेतला. एल हा मेल एखाद्या ओळखीच्या गटाला गेला असेल तर गटाचं नाव दाखवतो. आमचे कुठले गट नाहीत. एफ सरळ पाठवणारा दाखवतो, आणि मेल आपणच पाठवलेला असेल तर ज्याला पाठवला त्याचं नाव.

तारीख: कंस बघून वापरा

एकाच तारखेचे अकरा मेल आणि कुणाचा आधी आला ते कळेना, हे दुखणं इथलं. मट तारखेसाठी वेगवेगळे कंस वापरतो आणि प्रत्येकाचा अर्थ निराळा. महिरपी कंस म्हणजे पाठवणाऱ्याच्या घड्याळाप्रमाणे. चौकोनी म्हणजे आपल्या घड्याळाप्रमाणे, पण पाठवल्याची वेळ. साधा गोल कंस म्हणजे आपल्या घड्याळाप्रमाणे मेल पोचल्याची वेळ.

मूळ मांडणीत महिरपी आहे, आणि कोकणातल्या माणसाला तो हमखास फसवतो, कारण आपली अर्धी माणसं आखातात. दुबई आपल्या दीड तास मागे. तिकडून कुणी रात्री अकराला गावच्या घरी पेटी पोचवायला सांगितलं तर आपल्याकडे साडेबारा वाजलेले असतात, तारीख पालटलेली असते, आणि यादीत मात्र कालची तारीख दिसते. चौकोनी करा.

कंसाच्या आत तारखेचे तुकडे पुन्हा टक्क्याने: थोरला एच तास, थोरला एम मिनिटं, धाकटा डी दिवस, धाकटा एम महिन्याचा आकडा, धाकटा बी महिन्याचं नाव, धाकटा ए वाराचं नाव, धाकटा वाय सालाचे दोन आकडे. तुमच्या यंत्राची भाषा मराठी असेल तर महिने आणि वार मराठीत येतील आणि रकाने पुन्हा डुलायला लागतील. कंस उघडल्याबरोबर उद्गारचिन्ह टाका, मग ती नावं इंग्रजीत राहतात.

आता खरी गंमत. आजच्या मेलची मला वेळ हवी, तारीख नको. या आठवड्यातल्याचा वार हवा. जुन्याची तारीख पुरे. एकाच रकान्यात हे तिन्ही. मटमध्ये १.१० या आवृत्तीपासून 'इंडेक्स-फॉरमॅट-हूक' आहे, निओमटमध्येही आहे. हूक म्हणजे 'अमुक असेल तर तमुक कर' असा नियम. मुख्य मांडणीत तारखेच्या जागी लिहायचं: टक्का-वजा-६, मग ॲट-चिन्ह, 'वेळ', ॲट-चिन्ह. 'वेळ' हे मी ठेवलेलं नाव, तुम्ही काहीही ठेवा, रोमनमध्ये. मग फाइलमध्ये तीन वेगळ्या ओळी.

पहिली: इंडेक्स-फॉरमॅट-हूक, वेळ, मग अवतरणात लहर-डी-लहानचिन्ह-१-डी, मग अवतरणात चौकोनी कंसातले तास आणि मिनिटं, मध्ये अपूर्णविराम. लहर म्हणजे टिल्डचं चिन्ह, आणि हा सगळा तुकडा म्हणजे 'एक दिवसाच्या आतला'.

दुसरी तशीच, पण १-डीच्या जागी १-डब्ल्यू, म्हणजे एक आठवडा, आणि दाखवायला वार व दिवस.

तिसरी: लहर-थोरला ए, म्हणजे सगळे मेल, आणि दाखवायला दिवस, तिरकी रेघ, महिना.

क्रम हाच ठेवा. वरून जी ओळ पहिल्यांदा लागू पडेल ती घेतली जाते. 'सगळे' वाली ओळ वर टाकलीत तर खालच्या दोघींची पाळीच येणार नाही.

सगळं जुळवून

माझी मुख्य मांडणी आता अशी आहे: टक्का-३-थोरला सी, जागा, टक्का-थोरला झेड, जागा, टक्का-वजा-६-ॲट-वेळ-ॲट, जागा, टक्का-वजा-१६-टिंब-१६-थोरला एफ, जागा, टक्का-५-धाकटा सी, जागा, टक्का-धाकटा एस. बेरीज करा: ३, ३, ६, १६, ५ आणि मधल्या पाच जागा, ३८ झाले. टर्मिनल ८० घरांचं असेल तर विषयाला ४२ घरं उरतात. पडद्यावर काहीसं असं, इथे देवनागरीत उतरवून:

२७ एन + १०:४२ पुणे काकी कोथरूड ३.१के दोनऐवजी तीन पेट्या
२८ आर + ०९:१५ वाशी गाळा २.४के उद्याचा भाव
२९ टी ०८:०३ खोकेवाला १.९के पाच डझनी खोकी संपली
३० एन + बुध ०७ ठाणे आजोबा १४एम फळात साका निघाला

ऑर्डरच्या फॉर्मवरून येणाऱ्या मेलच्या विषयाला सुरुवातीलाच चौकोनी कंसात 'ऑर्डर फॉर्म' असं शेपूट लागून यायचं. ४२ घरांतली तेरा-चौदा त्यातच जायची. त्याला 'सब्जेक्टआरएक्स' ही आज्ञा आहे. तिला दोन गोष्टी द्यायच्या: काय शोधायचं तो नमुना, आणि त्याबदली काय दाखवायचं. बदली म्हणून टक्का-थोरला एल, टक्का-थोरला आर दिलं की सापडलेल्या तुकड्याच्या डावीकडचं आणि उजवीकडचं तेवढं दिसतं, मधला तुकडा गायब. नमुन्यातल्या चौकोनी कंसांआधी उलटी तिरकी रेघ द्यायला विसरू नका. मूळ मेलमध्ये काहीच बदलत नाही, फक्त यादीत दिसणं बदलतं. इथले एल आणि आर म्हणजे डावं आणि उजवं, वरच्या थोरल्या एलशी संबंध नाही. हो, मलाही ते आवडलं नाही.

रंग

रंग थोडे लावा. पहिल्या उत्साहात मी आठ लावले होते, आमच्या घरच्या काकी म्हणाल्या, पालखीचा मांडव झालाय. आता तीन आहेत.

आज्ञा अशी: 'कलर', 'इंडेक्स', अक्षरांचा रंग, मागचा रंग, आणि नमुना. मागचा रंग 'डिफॉल्ट' ठेवला की टर्मिनलचाच राहतो. माझा पहिला नियम ठळक पिवळ्याचा, आणि नमुना: लहर-धाकटा पी, जागा, उद्गारचिन्ह-लहर-थोरला क्यू. पी म्हणजे मला उद्देशून आलेला, क्यू म्हणजे उत्तर दिलेला, उद्गारचिन्ह म्हणजे नव्हे. एकत्र वाचा: मला आलाय आणि मी उत्तर दिलेलं नाही. मला दिवसभरात ज्या प्रश्नाचं उत्तर हवं असतं ते या एका नियमात आहे. वाचलेला-न वाचलेला हा भेद मला फसवा वाटतो. झाडावर चढलेल्या माणसाला खालून ओरडून काही विचारता विचारता मी मेल उघडतो, वाचतो, आणि विसरतो. वाचला म्हणून त्याचा रंग उतरला की गिऱ्हाईक गेलं. पिवळा उत्तर दिल्याशिवाय उतरत नाही. नमुन्यात मधे जागा असल्यामुळे तो अवतरणचिन्हांत हवा.

दुसरा नियम लाल: लहर-धाकटा एस, आणि पुढे 'साका'. एस म्हणजे विषयात शोध. हापूस बाहेरून सोन्यासारखा आणि आत गर पांढरट, स्पंजासारखा निघाला की त्याला साका म्हणतात, हे गिऱ्हाइकांनाही आता पाठ झालंय. असा मेल आला की पैसे परत की पेटी बदलून, ते त्याच दिवशी कळवायचं हा काकांचा दंडक. देवनागरी शब्द नमुन्यात चालतो, मात्र यंत्राचं लोकेल, म्हणजे भाषा-लिपीचं सेटिंग, यूटीएफ-८ असलं पाहिजे. नसेल तर यादीत मराठीच्या जागी प्रश्नचिन्हांची माळ दिसेल, त्यावरून लगेच कळतं. एकाच मेलला दोन नियम लागत असतील आणि नको तो रंग जिंकत असेल तर दोन्ही ओळींची जागा अदलाबदल करून पाहा.

तिसरा उद्गारचिन्हाची खूण केलेल्यांसाठी, लहर-थोरला एफ. तो निळा. निओमटमध्ये याच्याही पुढे जाऊन ओळीतल्या एकेका रकान्याला वेगळा रंग देता येतो, 'इंडेक्स_ऑथर', 'इंडेक्स_सब्जेक्ट', 'इंडेक्स_डेट' अशी नावं वापरून. मी तारखेला फिकट करतो, तेवढंच.

हाच नमुना दुसरीकडेही वापरता येतो. यादीत धाकटा एल दाबून नमुना दिला की तेवढेच मेल दिसतात, बाकीचे लपतात. पुन्हा एल दाबून 'ऑल' लिहिलं की सगळे परत. ट्रक सुटायच्या आधी मी एकदा पिवळ्यांचा नमुना देऊन बघतोच.

धागे

एकाच ऑर्डरवरची दहा उत्तरं दहा ठिकाणी विखुरलेली नको असतील तर 'सेट सॉर्ट=थ्रेड्स' करा आणि 'सॉर्ट_ऑक्स' ला 'लास्ट-डेट-रिसीव्ह्ड' द्या. ज्या धाग्यात शेवटचं बोलणं झालं तो सगळ्यात खाली येतो. वर हवा असेल तर त्या नावाआधी 'रिव्हर्स-' जोडा. निओमटमध्ये 'यूज_थ्रेड्स' असं वेगळं सेटिंगही आहे.

धागा बंद करायला एस्केप आणि मग धाकटा व्ही, सगळे बंद करायला एस्केप आणि थोरला व्ही. बंद धाग्यात किती मेल दडलेत ते विषयाआधी दिसावं म्हणून एक अटीचा तुकडा घालता येतो: टक्का-प्रश्नचिन्ह-थोरला एम-प्रश्नचिन्ह, अधिकचिन्ह, टक्का-थोरला एम, जागा, आणि शेवटी पुन्हा प्रश्नचिन्ह. दडलेले असतील तरच '+६' असं छापलं जातं, नसतील तर काहीच नाही. निओमटच्या नव्या आवृत्तीत अटीसाठी प्रश्नचिन्हांच्या जोडीऐवजी कोनी कंसाचं रूप वापरा. फांद्या दाखवणाऱ्या बाणांच्या जागी कचरा दिसला तर 'सेट ॲस्की_चार्स', आणि फांद्या फार आत आत जात असतील तर 'सेट नॅरो_ट्री'.

पाठवलेल्यांचा फोल्डर, आणि माझा घोळ

पाठवलेल्या मेलच्या फोल्डरमध्ये आकार आणि खुणा नकोत, कुणाला पाठवला एवढं रुंद हवं. यासाठी 'फोल्डर-हूक'. फोल्डरचं नाव आणि पुढे अवतरणात 'सेट इंडेक्स_फॉरमॅट' ची वेगळी मांडणी, त्यात नावाच्या जागी टक्का-धाकटा टी, म्हणजे मेल कुणाला गेला.

मी हे केलं, खूश झालो, इनबॉक्समध्ये परत आलो. प्रत्येक ओळीवर माझंच नाव! सत्तर ओळी, सत्तर वेळा मीच. मेल सगळे मला आलेले, मग 'कुणाला' च्या रकान्यात दुसरं कोण दिसणार? हूक फोल्डरमध्ये शिरताना लागतो, बाहेर पडताना आपोआप उतरत नाही. उपाय एका ओळीचा: सगळ्या फोल्डर-हूकांच्या वर एक हूक ठेवायचा, फोल्डरच्या नावाच्या जागी नुसतं टिंब, आणि त्यात नेहमीची मांडणी. टिंब म्हणजे कुठलाही फोल्डर. आधी तो लागतो, मग विशेष फोल्डर असेल तर त्याचा त्यावर चढतो. इथे अवतरणाच्या आत अवतरण येतं, म्हणून बाहेर एकेरी आणि आत दुहेरी ठेवा.

फोनवर

मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ गेलं तेव्हा आमच्याकडे बरेच दिवस वीज नव्हती. लॅपटॉप पहिल्याच दिवशी झोपला. पडलेल्या फळांचं काय करायचं ते बघता बघता ज्यांच्या पेट्या अडकल्या त्यांना कळवायचंही होतं, आणि हाताशी फक्त फोन, तो शेजारच्या रिक्षाच्या बॅटरीवर चार्ज करायचा. अँड्रॉइडवर टर्मक्स नावाचं टर्मिनल मिळतं, त्यात मट बसतो. पण वरची ३८ घरांची मांडणी फोनच्या उभ्या पडद्यावर नेली की विषय उरतच नाही.

म्हणून फोनसाठी वेगळी छोटी फाइल आहे. पहिल्या ओळीत 'सोर्स' आणि मूळ फाइलचा पत्ता, म्हणजे एलियस, रंग, हूक सगळं तिथून येतं. मग फक्त बदललेलं. टिंबवाला फोल्डर-हूक मूळ फाइलमध्ये असल्यामुळे नुसतं 'सेट' करून भागत नाही, फोल्डर उघडताच तो हूक जुनी मांडणी परत आणतो. म्हणून इथेही टिंबाचा हूक पुन्हा लिहायचा, अरुंद मांडणीसह: टक्का-थोरला झेड, जागा, टक्का-वजा-६-ॲट-वेळ-ॲट, जागा, टक्का-वजा-९-टिंब-९-थोरला एफ, जागा, विषय. २१ घरं गेली. माझ्या फोनवर ४२ बसतात, म्हणजे निम्मी विषयाला. नऊ घरांत 'पुणे काकी' येतं, 'कोथरूड' कापलं जातं, चालतं. पाठवलेल्यांच्या फोल्डरचा हूक हवा असेल तर तोही या टिंबाच्या खाली पुन्हा लिहावा लागतो. मी लिहिलेला नाही, फोनवर तो फोल्डर बघायची वेळ येत नाही. मट सुरू करताना वजा-थोरला एफ आणि या फाइलचं नाव द्यायचं.

याच फाइलमध्ये 'सेट नोहेल्प' आहे, त्याने वरची मदतीची पट्टी जाऊन एक ओळ वाचते. 'सेट पेजर_इंडेक्स_लाइन्स=४' मुळे मेल वाचताना वर यादीच्या चार ओळी दिसत राहतात. फोनवर ४ पुरे, लॅपटॉपवर मी ८ ठेवतो. दूरच्या यंत्रावर एसएसएचने जाऊन मट चालवत असाल तर 'सेट ॲरो_कर्सर' जरूर करा. नेहमीची रंगीत पट्टी सरकताना दोन अख्ख्या ओळी पुन्हा रंगवाव्या लागतात, बाणाला मात्र दोनतीन अक्षरं पुरतात, आणि एका कांडीवर तो फरक बोटाला जाणवतो. शिवाय 'सेट हेडर_कॅश' ला एखाद्या फोल्डरचा पत्ता द्या. मग आधी आलेल्या मेलची नावं-विषय प्रत्येक वेळी नव्याने ओढली जात नाहीत, नव्या आलेल्यांचीच येतात. तौक्तेच्या त्या आठवड्यात हे लावलेलं नव्हतं, आणि दरवेळी यादी उघडायला मला सड्यावर चढावं लागत होतं.